आईच्या मुक्कामाची तारीख

आईच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा २०२७ पर्यंतचा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हे वाक्य मला मामाने ऐकवलं, सासूबाईंनी ऐकवलं, इथल्या दोन मैत्रिणींनी ऐकवलं. "दहा वर्षांचा व्हिसा आहे ना तिचा? मग कसली घाई?" प्रत्येकाला मी एकच उत्तर देत होते: व्हिसा २०२७ पर्यंत आहे, पण आईला इथे राहायची मुभा ११ जुलैपर्यंतच आहे.

हा फरक नीट समजून न घेता आईवडिलांना बोलावणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. मीही त्यातलीच होते. व्हिसा दाखवून विमानतळावर आत येण्याची परवानगी मागायची. किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत चढते. बी-२ म्हणजे पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. पूर्वी पासपोर्टमध्ये एक पांढरं कार्ड टाचून द्यायचे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद ऑनलाइन असते, आपणच संकेतस्थळावर जाऊन बघायची आणि छापून ठेवायची. कुणी आठवण करून देत नाही.

आई १२ जानेवारीला न्यूअर्कला उतरली. दोन दिवसांनी मी तिची आय-९४ शोधायला बसले तर नोंदच सापडेना. पासपोर्ट नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर, आडनाव बरोबर. पोटात गोळा आला. मग नवऱ्याने पासपोर्ट हातात घेऊन नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाला लागूनच बाबांचं नाव आहे, दोन्ही मिळून 'गिव्हन नेम'. मी नुसतं तिचं नाव टाकत होते. बाबांचं नाव जोडलं आणि पान उघडलं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर नाव असंच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. त्या पानावर मुक्कामाची शेवटची तारीख होती, ११ जुलै २०२४. परतीचं तिकीट २९ जूनचं होतं. बारा दिवस हाताशी होते, मी निश्चिंत झाले.

१९ मे, रविवार. थंडी सरली म्हणून आई तुळशीची कुंडी बाहेर न्यायला निघाली. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मी वरच्या मजल्यावर होते, मला कुंडी फुटल्याचा आवाज आला. तिचा आवाज आलाच नाही. खाली आले तेव्हा ती मातीत बसली होती आणि उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली, प्लेट आणि स्क्रू बसले. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग व्यायाम. आईला शिरांचा त्रास आधीपासून आहे, त्यात वय एकाहत्तर. इतके तास विमानात बसून पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रवास नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. विम्याचं जे काही झालं तो वेगळा विषय आहे, तो इथे नको.

हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून मी बोटांवर महिने मोजले तेव्हा कळलं की ११ जुलै आता पुरणार नाही.

पुढचे काही दिवस सल्ल्यांचे होते. त्यातला एक सल्ला फार धोक्याचा होता. ओळखीतून एका एजंटचा नंबर मिळाला होता. तो म्हणाला, "ताई, अर्ज-बिर्ज काही भरू नका. एकशे ऐंशी दिवसांच्या आत गेल्या की काही होत नाही. सगळे तसंच करतात." आवाजात इतका ठामपणा होता की फोन ठेवल्यावर मला खरंच हलकं वाटलं. चारशे-पाचशे डॉलर वाचतील, कागद गोळा करायला नकोत, आईला बरं होऊ द्यावं आणि सप्टेंबरमध्ये विमानात बसवावं.

रात्री झोप लागेना म्हणून मी मूळ नियम वाचत बसले. एजंटचं म्हणणं अर्धंच खरं होतं. मुदत संपल्यावर एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून माणूस देश सोडून गेला तर तीन वर्षं प्रवेशबंदी लागते, एक वर्ष किंवा जास्त राहिला तर दहा वर्षं. त्या हिशोबात आईचे दोन-अडीच महिने बसत नव्हते, हे बरोबर. पण दुसरा एक नियम आहे, तो एजंटने सांगितलाच नाही. आय-९४ वरच्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलं तरी ज्या व्हिसावर आलो तो व्हिसा बाद होतो. मग २०२७ च्या छापील तारखेला काही अर्थ उरत नाही. नवा व्हिसा मायदेशातून काढायचा आणि तिथल्या खिडकीत सांगायचं की हो, मागच्या वेळी मी मुदतीपेक्षा जास्त राहिले होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली आहे. तिच्या सेवापुस्तकात एक लाल शेरा नाही. तिच्या नावावर हा शेरा माझ्या आळसापायी लागला असता.

सकाळी मी एका इमिग्रेशन वकीलबाईंची तासभराची वेळ घेतली. पैसे गेले, पण त्या तासाने पुढचे चार महिने सावरले. इथे कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार वकिलाला किंवा सरकारमान्य प्रतिनिधीलाच असतो, एजंटला नाही, हेही तेव्हाच कळलं. बाईंनी आधी आईची तब्येत विचारली, मग तारखा विचारल्या आणि म्हणाल्या, "वेळ आहे. पण आजपासून लागा."

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. तो यूएससीआयएसकडे करायचा, म्हणजे देशात आलेल्या परदेशी माणसांचे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे. तो आय-९४ ची तारीख संपायच्या आत पोचला पाहिजे. निदान पंचेचाळीस दिवस आधी करावा असं ते खातंच सुचवतं. बी-२ वाल्याला एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात. मी सहा मागणार होते, हाताशी असलेले बरे म्हणून. वकीलबाईंनी विचारलं, "तुम्हाला खरंच किती लागणार आहेत?" मी म्हटलं, सप्टेंबरअखेर. "मग १० ऑक्टोबर मागा. डॉक्टर सप्टेंबर म्हणतायत आणि तुम्ही जानेवारी मागितला, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच." त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. नातवाचा विषय अर्जासोबतच्या पत्रात काढायचा नाही. आजी इथे राहून मूल सांभाळते असं कुणाला वाटलं तर पाहुणी म्हणून आलेली बाई काम करते आहे अशी शंका येऊ शकते. आईला थांबायचं कारण तिचा पाय होता, दुसरं काही नव्हतं, आणि तेवढंच लिहायचं होतं.

डॉक्टरांचं पत्र दोनदा घ्यावं लागलं. पहिलं पत्र एका ओळीचं होतं, 'रुग्णाने प्रवास टाळावा'. केव्हापासून, केव्हापर्यंत, कशामुळे, काही नाही. वकीलबाईंनी ते बघून मान हलवली. मी दवाखान्यात परत गेले आणि तिथल्या नर्सला एका कागदावर चार मुद्दे लिहून दिले: काय मोडलंय, शस्त्रक्रिया कधी झाली, लांबचा विमानप्रवास का नको, आणि अंदाजे कोणत्या तारखेनंतर चालेल. दुसऱ्या दिवशी तेवढंच लिहिलेलं, सहीशिक्क्याचं पत्र मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे चार मुद्दे आधीच नेऊन द्या.

अर्ज आम्ही ६ जूनला ऑनलाइन भरला. कागदावर पाठवला असता तर शुल्क ४७० डॉलर होतं, ऑनलाइन ४२०. बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बंद झाले होते, आणि आईला ठशांसाठी कुठे जावंही लागलं नाही. त्यासाठीचं ऑनलाइन खातं आईच्याच नावाने उघडलं, तिच्याच ईमेलवर. अर्ज तिचा, उत्तरं तिची, सहीही तिची. हे मला महत्त्वाचं वाटलं. मी भराभर टिचक्या मारून मोकळी झाले असते, पण सगळं तिला वाचून दाखवून, तिने समजून उत्तर दिल्यावरच पुढे जायचं असं ठरवलं.

ती दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आई सोफ्यावर, पाय दोन उशांवर, चष्मा लावलेला. मी प्रश्न मराठीत सांगायची, ती विचार करून उत्तर द्यायची, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी सरळ बसून. कधी कुणाचा छळ करण्यात भाग घेतलात का? वंशहत्येत? ती काही क्षण गप्प झाली. "असं करणारे लोक असतात म्हणूनच विचारत असतील ना," म्हणाली. मग, सैन्यात किंवा पोलिसांत कधी होतात का? तिने मला थांबवलं. "निवडणुकीच्या ड्युटीला आमच्याबरोबर पोलीस असायचे. पेट्या घेऊन एकाच गाडीतून जायचो. ते सांगायचं का?" मी म्हटलं, नको आई, ती शिक्षिका म्हणून केलेली ड्युटी. "पण नंतर लपवलं असं नको व्हायला," ती म्हणाली. तिची खात्री पटेपर्यंत आम्ही तो प्रश्न तीनदा वाचला.

इथे आल्यापासून नोकरी केली का, याला 'नाही' म्हटलं की पुढे विचारतात, मग खर्च कसा भागवता? तिथे आईने सांगितलं ते मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं: मला पेन्शन आहे, ती सांगलीच्या बँकेत जमा होते, इथे मी लेकीच्या घरी राहते आणि माझा खर्च लेक आणि जावई करतात. त्यासोबत आय-१३४, म्हणजे मी तिचा खर्च उचलेन असं लिहून दिलेलं पत्रक, माझे बँकेचे उतारे, पगाराच्या चिठ्ठ्या. पासपोर्टची पानं, आय-९४, हॉस्पिटलचे कागद, डॉक्टरांचं पत्र, आईची पेन्शनची कागदपत्रं, सांगलीच्या घराची घरपट्टीची पावती. शेवटी सहीच्या जागी पासपोर्टवरचं पूर्ण नाव टाइप करायचं होतं. आईने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने, प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत, स्वतःचं, बाबांचं आणि आडनाव टाइप केलं. मग सगळं परत एकदा वाचलं आणि म्हणाली, "हं, दाब आता."

पावती लगेच आली. आय-७९७सी, वर आयओई अक्षरांनी सुरू होणारा नंबर. या प्रकारच्या अर्जाला जास्तीचे पैसे भरून लवकर निकाल मिळवायची सोय नाही. महिने लागतात. तेव्हा ११ जुलैच्या आत निकाल येणार नाही हे उघड होतं.

याच टप्प्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण याच्याबद्दल मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

नियम असा आहे की अर्ज मुदतीच्या आत केलेला असेल आणि निकाल यायचा असेल, तर जुनी तारीख उलटली तरी ते दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. वकीलबाईंनी दोन शब्द वेगळे करून समजावले होते. ११ जुलैनंतर आईचं 'स्टेटस' संपतं, पण तिला थांबायला मुभा असते. अर्ज नामंजूर झाला तर मात्र दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला लागतात, म्हणजे मिळेल त्या विमानाने निघायचं. मला हे समजलं होतं. ११ जुलैला संध्याकाळी मी आईलाही समजावायला गेले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे उद्यापासून मी इथे आहे का नाही?"

मी म्हटलं, आहेस ना.

"कागदावर?"

मला पटकन बोलता आलं नाही. ती म्हणाली, "हजेरीपटावर मूल एकतर हजर असतं, नाहीतर गैरहजर. तिसरा रकाना नसतो गं."

त्या दिवसापासून ती बदलली. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागली होती, ते बंद केलं. शनिवारी इथल्या ज्येष्ठ मंडळींचा भजनाचा कार्यक्रम असतो, व्हीलचेअरवरून नेतो म्हटलं तर नको म्हणाली. व्यायामासाठी फिजिओथेरपीला जावंच लागायचं, तेव्हा मांडीवर पर्स घट्ट धरून बसायची. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पावतीची घडी, पासपोर्टची झेरॉक्स, डॉक्टरांचं पत्र. एकदा मागून पोलिसांची गाडी आली, सायरन नाही, काही नाही, नुसती आमच्या मागे होती. आई जावयाला म्हणाली, "अहो, जरा सावकाश घ्या." तो नियमातच चालवत होता. ती गाडी वळून गेली तरी तिचा हात पर्सवरच होता.

मी तिला परत परत नियम सांगत होते आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. तिला नियम कळत नव्हता असं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी चोख ठेवलेल्या बाईला स्वतःची नोंद अधांतरी असणं सोसत नव्हतं. शेवटी एका रविवारी मी सगळे कागद डायनिंग टेबलवर मांडले. तिला एक जाड वही दिली आणि म्हटलं, आई, तू ठेव याचं रजिस्टर. तिने पट्टीने रकाने आखले. तारीख, काय झालं, कुठला कागद, पान क्रमांक. १२ जानेवारी, आगमन. १९ मे, पडले. ६ जून, अर्ज केला, पावती क्रमांक अमुक. ११ जुलैच्या ओळीत तिने थोडा वेळ पेन तसंच धरलं आणि मग लिहिलं, 'मुदत संपली. अर्ज विचाराधीन.' त्या वहीने तिची झोप परत आली. तिला हवा होता तो तिसरा रकाना तिने स्वतःच आखला होता.

ऑगस्टच्या मध्यावर आईच्या ऑनलाइन खात्यावर सूचना आली. आणखी पुरावा पाहिजे. वाचताना हात थरथरत होते, पण नीट वाचल्यावर कळलं की तीन गोष्टी मागितल्या आहेत: तब्येतीचा ताजा अहवाल, परत जाणार असल्याचा पुरावा, आणि परभाषेतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर. तिसरी चूक सर्वस्वी माझी. घरपट्टीची पावती मी मराठीतलीच जोडली होती. परभाषेतला कुठलाही कागद द्यायचा तर पूर्ण भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून द्यावं लागतं की हे पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नियम जुनाच आहे, मीच वाचला नव्हता.

मी आईची मुलगी, म्हणून भाषांतर दुसऱ्या कुणी केलेलं बरं असं ठरवून मैत्रिणीला बसवलं. घरपट्टीच्या पावतीचं भाषांतर किती कठीण असतं ते त्या रात्री कळलं. मिळकतधारक, वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर. एकेका ओळीवर आम्ही थांबत होतो. पावतीवर वर आईचं नाव आहे. बाबा गेल्यावर घराला तिचं नाव लागलं, त्यासाठी तिने एकटीने महापालिकेत खेपा घातल्या होत्या, मी तेव्हा इथे होते. मैत्रिणीने ते नाव इंग्रजीत लिहिलं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं आणि खाली सही केली.

परत जाण्याचा पुरावा म्हणून २८ सप्टेंबरचं, तारीख बदलता येईल असं तिकीट काढलं. आणि आईने स्वतः एक कारण सांगितलं जे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. "अगं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. नाही दिला तर पेन्शन थांबते." दर वर्षी निवृत्त माणसाने आपण जिवंत असल्याचं सहीनिशी कळवायचं. आता ते ऑनलाइनही करता येतं, पण आई दर वर्षी बँकेत जाऊनच देते. आम्ही ते पत्रात लिहिलं, मागच्या वर्षीच्या दाखल्याची प्रत भाषांतरासकट जोडली. माझ्या बँकेच्या सगळ्या उताऱ्यांपेक्षा तो कागद मला भक्कम वाटला. जी बाई दर नोव्हेंबरला त्या काउंटरपुढे उभी राहते, ती परत जाणार यात काय शंका?

मागितलेलं सगळं एकाच वेळी पाठवायचं असतं, थोडं आज थोडं उद्या असं चालत नाही. जेवढं पाठवाल तेवढ्यावर निकाल देतात. आम्ही सूचनेच्या प्रत्येक ओळीला क्रमांक दिला आणि त्याच क्रमाने कागद लावले. आईने प्रत्येक पानावर पेन्सिलने आकडा टाकला. एकूण सत्तेचाळीस पानं.

सप्टेंबर आला. आई काठी घेऊन चालायला लागली. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, पायात घालायचे घट्ट मोजे दिले, दर तासाला उठून चालायला सांगितलं. निकाल नव्हता. नवरा म्हणाला, तिकीट पुढे ढकलायचं का, निकाल हातात घेऊनच जाऊ दे. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कारण संपलं ना? मग जाऊ द्या. पावती, सूचना, उत्तराची प्रत, डॉक्टरांची दोन्ही पत्रं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. मला ते पटलं. पायासाठी थांबलो होतो, पाय बरा झाला.

२८ सप्टेंबरला आम्ही तिला न्यूअर्कला सोडलं. इथून जाताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकी नसते. प्रवाशांची यादी विमान कंपनीकडून सरकारकडे जाते आणि निघाल्याची नोंद तिथून होते. आईला हे अजिबात रुचलं नाही. "आल्याचं लिहून घेतलं, मग गेल्याचं कोण लिहिणार?" मी सांगितलं, मी बघते. पाचेक दिवसांनी आय-९४ च्या संकेतस्थळावर तिचा प्रवासाचा इतिहास उघडला, या वेळी नाव बरोबर टाकलं. आगमन १२ जानेवारी, त्याच्या वर प्रस्थान २८ सप्टेंबर. ते पान छापलं आणि फोटो काढून तिला पाठवला.

त्याच आठवड्यात खात्यावर सूचना आली. अर्ज मंजूर, १० ऑक्टोबर २०२४ पर्यंत. टपालाने आय-७९७ए, म्हणजे मंजुरीचं पत्र, आलं, खालच्या कोपऱ्यात फाडून घ्यायची नवी आय-९४. ते फाडायला आता ती इथे नव्हती.

मी लगेच फोन लावला. सांगलीत रात्र झाली होती. आई म्हणाली, थांब, वही घेते. पानं उलटल्याचा आवाज आला. "सांग." मी तारीख सांगितली. कागदाचं नाव सांगितलं. तिने विचारलं, "आणि ११ जुलैपासूनचे दिवस?" मी म्हटलं, सगळे धरले आई, एकही दिवस सुटला नाही. पलीकडे थोडा वेळ नुसता पेनाचा आवाज येत होता.

मूळ कागद नात्यातला एक मुलगा दिवाळीला घरी जात होता त्याच्याबरोबर पाठवला. पासपोर्टच्या पाकिटात तो आता घडी न घालता ठेवलेला आहे. २०२७ मध्ये व्हिसा परत काढायचा झाला की डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जात, मागच्या पाच भेटींच्या तारखा आणि किती दिवस राहिलात ते विचारतात. तिथे आई साडेआठ महिने लिहील आणि त्याचा कागद तिच्यापाशी असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तो बँकेच्या बाहेरून. काठी घेऊन रांगेत उभी राहिली होती, कुणीतरी खुर्ची देत होतं ती नको म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने यादीत नाव शोधलं, पेन्शनच्या पासबुकाशी ताडून बघितलं, सही घेतली.

"झालं," आई म्हणाली. "लागली हजेरी."